पडद्यावरच्या चार ओळी : एक भाष्य

जुना संगणक काढून नवा घेतलेल्या डीटीपीच्या दुकानात हा मजकूर भेटतो. पॅकेजगणिक शब्द बदलतात, आशय हाच.

१. ‘या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे.’
सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेतली भोके बुजवणे थांबले. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. विंडोज एक्सपीची मुदत 8 एप्रिल 2014 ला सरली, टेनची 14 ऑक्टोबर 2025 ला. मधल्या सेव्हनची 14 जानेवारी 2020 ला, म्हणजे उस्मानाबादचे, आताच्या धाराशिवचे, 93वे साहित्य संमेलन आटोपल्यावर दोनच दिवसांनी.

२. ‘हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही.’
16 बिटचे प्रोग्राम 64 बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. इथे दोष कुणाचाच नाही.

३. ‘लॉक सापडले नाही.’
इथे मात्र थांबायला हवे. मराठी फॉन्टच्या पॅकेजसोबत रोख पैसे मोजून हे लॉक मिळे; संगणकाला जोडायचा हा छोटा खटका नसेल तर पॅकेज चालत नसे. जुने लॉक प्रिंटरच्या पोर्टला लागे. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. यूएसबीचे असले तरी नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर हवा.
शंका : कंपनीने जुना माल जन्मभर का सांभाळावा?
समाधान : सांभाळू नये. पण कुलूप तिने लावले, तर दुकान आवरताना ते तिनेच काढून द्यावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 रीतसर खरेदीदाराला प्रोग्रामची राखीव प्रत काढू देते. लॉकविना ती प्रत उघडतच नसेल, तर कायद्याने दिलेले कुलपाने काढून घेतले.

४. ‘फाइल उघडता येत नाही.’
पहिल्या तीन ओळी कंपनीच्या मालाविषयी आहेत, ही ग्राहकाच्या मालाविषयी. फाइलीतली स्मरणिका, पावतीपुस्तक, लग्नपत्रिका त्याची स्वतःची. पानमांडणीच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. तिच्या फाइली उघडणारे शेवटचे इनडिझाइन 2012 चे. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव बदलले आणि जुन्या मजकुरात ते दुरुस्त करायचे म्हटले, तर आधी फाइल उघडायला हवी.
उघडली तरी संपत नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत प्रत्येकाचे अक्षरक्रमांक वेगळे. फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय त्यांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवत. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. क्रम न बदलता नुसते क्रमांक बदलले तर धाराशिवचे ‘धारािशव’ होते. रफाराचीही तीच गत. हे सुधारायला अक्षरक्रमांकांचा तक्ता लागतो, आणि लॉक काढताना कंपनीने तोही खुला करावा, असे माझे ठाम मत आहे.
तोवर, जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्याच यंत्रावर प्रत्येक फाइलची फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवावी, आणि मजकूर युनिकोडमध्ये वेगळा, वेलांट्या तपासून.