धातूतून अक्षरांत: रेडिओचे स्थित्यंतर

१/ रेडिओ म्हणजे तारा, वेटोळी आणि डाग दिलेले सुटे भाग, अशी अनेक दशके समजूत होती. कोणती लहर कशी उलगडायची, हे यंत्राच्या घडणीतच ठरून जाई. पद्धत बदलायची तर यंत्रच बदलावे लागे.

२/ २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी ‘ग्नू रेडिओ’ हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू केला. लहरींचे आकडे करायचे. गाळणे, निवडणे, उलगडणे ही कामे संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवायची. ती आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी.

३/ आज्ञावली वेगळी, पण विचार तोच, असे भव्य उदाहरण पुणे जिल्ह्यातील खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांनी साकारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत पूर्वी खास चिप्स जुळवीत. पुढे ते काम लिनक्सवरील संगणकसमूहाने पेलले; त्या प्रणालीचा शोधनिबंध २०१० मध्ये आला. कच्ची नोंद साठवून ती नव्या पद्धतीने पुन्हा तपासणेही शक्य झाले.

४/ १९५१ मध्ये युएन आणि पर्सेल यांनी हार्वर्डमध्ये आकाशगंगेतील हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर प्रथम टिपली. २०१२ पासून टीव्हीसाठीची स्वस्त यूएसबी कांडी ग्राहकयंत्र म्हणून वापरात आली. कर्ण्याच्या आकाराची अँटेना, वर्धक, ही कांडी आणि ग्नू रेडिओ यांवर तोच प्रयोग आज महाविद्यालयात होऊ शकतो.

५/ म्हणून जावळी तालुक्यातील मेढ्याच्या विद्यार्थ्यालाही हे यंत्र आतून वाचता येईल. बंद पेटी वापरणारा निरीक्षक होतो. ती उघडून बदलणारा संशोधक.