तळटीप : ‘कोअरटेम्प’ आणि ४५००० हा आकडा

१२. कोअरटेम्प : इंटेल प्रोसेसरचे तापमान वाचणारा, लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर. लेखकाने वर दिलेला ४५००० हा आकडा म्हणजे ४५ अंश सेल्सिअस. कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित टाळतात. म्हणून तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आणि पंख्याचा वेग दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये, असे सारे पूर्णांकांतच नोंदवले जाते. हा संकेत ‘एचडब्ल्यूमॉन’ या उपप्रणालीने ठरवून दिला आहे. त्यामुळे चिप कोणत्याही कंपनीची असो, मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रामला ते एकाच पद्धतीने वाचता येते.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. इंटेलच्या चिपमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपेक्षा ते किती अंशांनी खाली आहे, एवढेच सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ५५ असेल, तर ड्रायव्हर वजाबाकी करून ४५ देतो. काही जुन्या प्रोसेसरमध्ये ही मर्यादा वाचण्याची सोय नव्हती. तिथे ड्रायव्हर ती मॉडेलवरून गृहीत धरतो, आणि गृहीतक जितक्या अंशांनी चुकेल तितक्याच अंशांनी तापमानही चुकते. शिवाय हा सेन्सर मर्यादेजवळ अधिक अचूक असतो, प्रोसेसर थंड असताना कमी. म्हणून या आकड्याची तुलना खोलीतल्या तापमापकाशी करू नये. प्रोसेसर धोक्याच्या किती जवळ आला आहे, हे पाहण्यासाठीच तो वापरावा. — संपादक