मटक्यापासून मोबाईलपर्यंत: जुगाराचं व्यसन फॅमिली डॉक्टरच्या लक्षात का येत नाही?

दारू प्यायलेला पेशंट दारातून आत आला की कळतो. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड उघडलं की कळतं. जुगाराला मात्र वास नसतो आणि तो रक्ताच्या रिपोर्टमध्येही दिसत नाही. जुगारी माणूस दवाखान्यात येतो तो ॲसिडिटीची तक्रार घेऊन.

दोन-तीन पेशंटच्या हकिगती एकत्र करून सांगतो, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. तिशीतला तरुण, रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. सहा महिन्यांत चार वेळा आला. कधी जळजळ, कधी झोप नाही, कधी छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. मी गोळ्या बदलत राहिलो. मग एक दिवस त्याची बायको मुलीचा ताप दाखवायला आली आणि उठता उठता म्हणाली, "डॉक्टर, ह्यांनी माझं गंठण मोडलं. कशासाठी ते सांगत नाहीत." चार भेटींत मी त्याला पैशांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

का विचारलं नाही, याचं उत्तर शोधताना मी थोडा इतिहास वाचला.

आपल्याकडे जुगार हे पोलिसांचं खातं राहिलं. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अड्डा चालवणाऱ्याला शिक्षा करतोच, पण अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही करतो. तेव्हा मुंबईत चक्क पावसावर सट्टा चाले. किती पाऊस पडेल यावर पैसे लागत. हा प्रकार कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरची पैजही त्यात घातली. कायद्याने एक वाट बंद केली की जुगार दुसरी शोधतो, हे तेव्हापासून चालू आहे.

मटक्याचंही तसंच. सुरुवातीला मटका नव्हताच, होता तो कापसाचा आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव मुंबईत तारेने येई आणि त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. म्हणून आजही 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. पुढे मडकं गेलं, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. दोन, पाच, आठ निघाले तर बेरीज पंधरा, म्हणजे 'ओपन' पाच. गिरणगावातला हा खेळ फोनवरून तालुक्यांच्या टपऱ्यांपर्यंत पोचला.

एक हिशेब बघा. दहापैकी एक अंक येणार, आणि आला तर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळणार. म्हणजे रोज खेळणारा सरासरीने दर रुपयामागे दहा पैसे घालवणारच. हे गणित खेळणाऱ्यालाही येतं. तरी तो थांबत नाही, आणि आजार तिथेच आहे. आकडा एका अंकाने हुकला की मेंदू त्याला हार समजत नाही, 'जवळपास लागलाच होता' असं समजतो.

वैद्यकशास्त्राला हे मान्य करायला बराच वेळ लागला. १९५७ मध्ये लॉस एंजलिसला जुगाऱ्यांनीच 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' हा स्वमदत गट काढला. डॉक्टर मागून आले. रॉबर्ट कस्टर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७२ मध्ये ओहायोतल्या एका रुग्णालयात जुगाऱ्यांना दाखल करून उपचार सुरू केले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने हा आजार आपल्या यादीत घेतला, तोही आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. दारू-अफूच्या शेजारी त्याला जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना कॉलेजात यावर फारसं कुणी शिकवलं नाही. ही सबब नाही, वस्तुस्थिती आहे.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. इथे कर्ज म्हटलं की शेती, लग्न, नाहीतर सावकार. १८७५ चे दख्खनचे दंगे इथलेच. सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, कर्डे शिरूर तालुक्यात. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचे भाव पडले, वर शेतसारा वाढला, आणि शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली. त्या कर्जाची कारणं गावाला माहीत होती. आजच्या ॲपवरच्या कर्जाला साक्षीदारच नाही. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघणारा माणूस मोबाईलवर पगार घालवतोय की रील बघतोय, हे शेजारच्याला कळत नाही. म्हणून "कर्ज झालंय" हे ऐकल्यावर "कशामुळे?" हेही आम्ही विचारलं पाहिजे.

त्यासाठी मोठी प्रश्नावली लागत नाही. १९९७ मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी दोनच प्रश्नांची चाचणी मांडली. जास्त जास्त पैसे लावावेत असं कधी वाटलं का? किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी पुढे नीट बोलायला हवं. ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की दारू-सिगारेटबद्दल विचारताना जुगाराबद्दलही विचारा. मी आता तेच करतो. बीपी मोजता मोजता विचारतो, "आकडा, पत्ते, मोबाईलवरचा गेम, पैसे लावून काही खेळता का?" आवाज तोच ठेवतो, जो "मीठ जास्त खाता का?" विचारताना असतो.

कंपवाताच्या प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गोळ्यांनी काही जणांना अचानक जुगाराची ओढ लागते. आजोबा उतारवयात एकदम लॉटरीची तिकिटं घेऊ लागले तर हसू नका, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

उत्तर 'हो' आलं तर मी आणखी एक प्रश्न विचारतो: जीव नकोसा वाटतो का? या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि आपल्याकडे घरातच फवारणीचं औषध असतं. अशा वेळी ते औषध घराबाहेर काढायला आणि माणसाला एकटं न ठेवायला सांगतो, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलतो. उपचार मुख्यतः समुपदेशनाचे आहेत. पैशांचे व्यवहार काही काळ घरच्या माणसाकडे द्यावे लागतात. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. तेव्हापासून काही पेशंट जास्तच घाबरून गप्प झालेत. त्यांना सांगतो, या कायद्यातली शिक्षा गेम चालवणाऱ्यांना आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. आणि दवाखान्यात सांगितलेलं मी पोलिसांना सांगायला जात नाही.

तो रांजणगावचा तरुण पाचव्यांदा आला तेव्हा मी विचारलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाला, "हा तुमच्याकडेच ठेवा, सर, निदान आजच्या दिवस."