घरच्यांनाच परकं म्हणणारं नाव

आज आम्ही एका देशाच्या नावाची गोष्ट आणली आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून एक डोंगराळ, मेंढरांचा मुलूख आहे. नकाशात त्याचं नाव वेल्स. पण हे नाव तिथल्या लोकांनी ठेवलेलं नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये आले आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाच 'वेआलास' म्हणू लागले. म्हणजे परके! घरात शिरलेल्यानं घरधनिणीलाच पाहुणी म्हणावं, तसं झालं. पुढे त्याच शब्दाला गुलाम असाही अर्थ चिकटला. अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात ना, त्यातला 'वॉल' हाच. परक्या मुलखाचं फळ.

तिथले लोक मात्र आपल्या भाषेत देशाला 'कम्री' म्हणतात. हा शब्द 'कोम्ब्रोगी' या जुन्या शब्दातून आला. अर्थ, एकाच भूमीची माणसं. आपण 'आमच्या गावची' म्हणतो, त्यातली माया त्यात आहे.

नावात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर १८४७ सालच्या एका अहवालाचं ऐका. लंडनच्या सरकारनं तिथल्या शाळांची पाहणी करायला तीन अधिकारी नेमले. तिघेही इंग्रज, वेल्श भाषा एकालाही येत नव्हती. शाळा वाईट आहेत असं त्यांनी लिहिलं, आणि बऱ्याच होत्याही. पण त्यांनी लोकांची भाषाच प्रगतीतली अडचण ठरवली, वर बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. निळ्या पुठ्ठ्यातल्या त्या अहवालाला तिथे आजही 'निळ्या पुस्तकांची दगाबाजी' म्हणतात.

याला उत्तर म्हणून १८५० मध्ये बायकांसाठी मासिक निघालं, 'अ गम्राइस'. म्हणजे कम्रीची बाई. नाव आपल्या भाषेतलं, आपण घेतलेलं. संपादक मात्र पुरुष, इव्हान जोन्स नावाचे धर्मोपदेशक. आणि खरं सांगायचं तर आत उपदेश पुष्कळ. घर नीटनेटकं ठेवा, वागणं सांभाळा. बदनामी करणारे राहिले बाजूला, शिकायचं ते बायकांनीच! पुढच्याच वर्षी मासिक बंद पडलं.

१८७९ मध्ये निघालेल्या 'अ व्रथोनेस' या मासिकाला बाई संपादक मिळाली, सारा जेन रीस. खलाशाची लेक, वडिलांबरोबर जहाजावर राबलेली, पुढे खलाशांनाच समुद्रातला मार्ग काढायला शिकवणारी. दहा वर्षं तिनं ते मासिक चालवलं. त्याच्या नावाचा अर्थ ब्रिटन बाई, सॅक्सन येण्याच्या आधीपासून त्या बेटावर नांदणारी.