उन्हाळ्यात लहान कुत्र्याला डोंगरावर नेताय? ऊन लागण्याची लक्षणे, प्रथमोपचार आणि काळजी

उन्हाळी सुटीत मुले घरी असतात, आणि भंडारा-तुमसर भागात एक दिवसाची भटकंती म्हटली की आंबागडाचे नाव निघतेच. सातपुड्याच्या रांगेतला हा किल्ला 1700 च्या सुमारास, गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या काळात बांधला गेला. चढ फार मोठा नाही, त्यामुळे घरातला पोमेरेनियन, पग किंवा पाच-सहा किलोचा गावठी कुत्राही सोबत न्यावा असे वाटते. थंडीत जरूर न्या. एप्रिल-मेमध्ये मात्र त्याच वाटेवर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो, तोही तास-दोन तासांत.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचा उपचार पशुवैद्यकच करतील. पण ऊन लागल्यावर शरीरात जे बिघडते ते दोघांत बरेचसे सारखे असते, आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हे डॉक्टरच्या नव्हे, तुमच्या हातात असते.

कुत्र्याचे शरीर थंड कसे होते?

आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळपास फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, आणि त्याने फारसे काही साधत नाही. त्याचे खरे साधन म्हणजे धापा टाकणे. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा जाते, पाणी उडते आणि रक्त थंड होते. तुमच्या खिडकीतला कूलर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे कूलरच्या अडचणी कुत्र्यालाही येतात. मेच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो, पण टाकी भराभर रिकामी होते. कुत्र्याच्या शरीरातले पाणीही तसेच संपते. जूनच्या सुरुवातीला आभाळ येते, पारा थोडा उतरतो आणि कूलर नुसती दमट हवा फेकतो. त्या दिवसांत कुत्र्याच्या धापाही निकामी होतात. ‘आज ऊन कमी आहे’ म्हणून दमट दिवस निवडणे हा उपाय नाही.

निरोगी कुत्र्याचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. भंडाऱ्यात मेमध्ये दुपारी पारा 42-43 च्या पुढे जाणे नवे नाही. हवा शरीरापेक्षा गरम झाली की ती उष्णता काढून घेत नाही, उलट देते. लहान देहाला वजनाच्या मानाने कातडी जास्त असते, त्यामुळे तो लवकर तापतो. त्यात त्याचे पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. तापलेल्या खडकाचा आणि मातीचा फुफाटा थेट त्याच्या अंगाला लागतो. तुमच्या डोक्याशी जी हवा आहे, ती त्याची हवा नव्हे.

पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. त्यांना उन्हाळ्यात डोंगरावर नेऊच नका, पहाटेसुद्धा. हेच पिल्लांना, म्हाताऱ्या, लठ्ठ आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्यांना लागू आहे. ज्याला एकदा ऊन लागून गेले आहे त्यालाही घरीच ठेवा. पोमेरेनियनचे केस मुळापासून काढून टाकणे हाही उपाय नाही. तो दुहेरी कोट उन्हालाही काही प्रमाणात अडवतो. विंचरून सुटे झालेले केस काढले तरी पुरे.

न्यायचेच असेल तर

वेळ महत्त्वाची. मेमध्ये आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडते. तेव्हा चढायला लागा आणि साडेआठपर्यंत पायथ्याशी परत या. ‘दिवसभराची’ सहल कुत्र्यासाठी तिथेच संपते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल तर बेत रद्द करा. नवतपात तर विषयच नको.

जंगलात सावली मिळेल हा समज इथे फसवतो. आपली रानं पानझडीची, सागाची. मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक पाने खाली पडलेली असतात. डोक्यावर उघडे ऊन, आणि पायाखाली पाचोळा, ज्यात साप दिसत नाही. याच दिवसांत मोहफुलांसाठी अस्वलेही पहाटे फिरतात. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकत जातो आणि घाबरून पळत मालकाकडेच येतो. मागे अस्वल असते. बिबट्याला तर लहान कुत्रा सोपे भक्ष्य. म्हणून दोरी हातातून सोडू नका. गळपट्ट्यापेक्षा छातीला बांधायचा पट्टा बरा, कारण लहान जातींत श्वासनलिका दबण्याचा त्रास बराच आढळतो. तोंड बंद करणारी मुसकी अजिबात नको. धापा बंद म्हणजे कूलरच बंद.

कोका अभयारण्य किंवा नागझिरा यांचा विचार करू नका. संरक्षित वनात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि नियमामागे कारण आहे. 2018 मध्ये गीरच्या सिंहांचे जे मृत्यू झाले त्यांत कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांमध्ये आढळणारा विषाणू सापडला होता.

निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसत असेल तर त्याचे तळवे भाजतील. पाच किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते. अशा सकाळी पिण्यासाठी अर्धा लिटर आणि अंगावर ओतण्यासाठी वेगळे दोन लिटर घ्या. हे दुसरे पाणी ओझे वाटते, पण तेच औषध आहे. गडावर किंवा वाटेत पाणी मिळेल हे धरून चालू नका. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्याचे हिरवे पाणी त्याला पिऊ देऊ नका.

आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. तो खिशातच राहू द्या. कांदा, मग तो पोह्यातला असो की चिवड्यातला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. मनुका आणि द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडाला घातक. लहान कुत्र्याला थोडी मात्राही जास्त होते.

आणि उतरल्यावर नाश्ता करताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. उन्हातल्या गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फरक पडत नाही.

ऊन लागल्याची लक्षणे

कुत्रा मालकाच्या मागे येत राहतो. तो स्वतःहून ‘पुरे’ म्हणेल याची वाट पाहू नका. सावलीत थांबूनही धापा कमी होत नाहीत, जीभ रुंद पसरून लालभडक होते, लाळ चिकट आणि तारेसारखी लोंबते, तो मागे पडतो किंवा बसकण मारतो: इथेच सहल संपवा. तोल जाणे, उलटी, रक्ताचे जुलाब, झटके, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत.

आधी थंड करा, मग न्या. गाडी तासभर दूर असेल आणि तुम्ही नुसते उचलून धावलात, तर तो तासभर आतून भाजत राहील. जवळ असेल त्या सावलीत ठेवून सगळे पाणी अंगावर ओता. पोट, काखा, जांघा, मान आधी. बाटलीतले साधे पाणी चालते, बर्फ शोधत बसू नका. ओतता ओतता टोपीने, ओढणीने वारा घाला, कारण पाणी उडाल्यावरच उष्णता जाते. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका. तो थोड्याच वेळात गरम होतो आणि वारा अडवतो. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी समोर ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही नको. ते फुप्फुसात जाते.

तापाची गोळी देऊ नका. उष्माघात हा ताप नव्हे, त्यावर पॅरासिटामॉल माणसांतही चालत नाही. कुत्र्याला तर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन विषारी ठरू शकतात. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात तापमान पाहा आणि 103 अंश फॅरनहाइटला पाणी ओतणे थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जाते.

तो उठून शेपूट हलवू लागला तरी पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवा. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांतले बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू शकतात. पशुवैद्यकाचा फोन आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. गंभीर कुत्र्यासाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय भंडाऱ्याहून साधारण 60 किलोमीटरवर आहे.

आता तुमच्यासाठी

ऊन लागलेला कुत्रा गोंधळलेला असतो. तो मालकालाही चावतो. घरचा, लस दिलेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. वर चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर लसीसोबत सीरमही लागू शकते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

घरी आल्यावर त्याचे कान, काखा आणि बोटांमधल्या जागा गोचिडांसाठी तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल नको, नखाने चिरडू नका. पुढच्या दोन आठवड्यांत तुम्हाला किंवा मुलांना ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना ‘गोचीड लागली होती’ हे न विचारता सांगा. त्या एका वाक्याने योग्य औषध लवकर सुरू होते.