जयपुरातील एक नवा हुन्नर
सवाई जयसिंहांनी 1727 साली वसविलेल्या जयपुरात दरबारच्या छत्तीस कारखान्यांच्या आश्रयाने नाना हुन्नर नांदले; 1995 साली भारतात भ्रमणध्वनी अवतरल्यानंतर, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या नावाच्या रस्त्यालगत, जयंती मार्केटात, त्यांत आणखी एकाची भर पडली. फोन चार्ज होत नाही अशी फिर्याद येताच कारागीर प्रथम केबल व चार्जर बदलून पाहतो, मग फोन बंद करून, चार्जिंगच्या खाचेत दडपलेला खिशातला कापूस लाकडी काडीने भिंगाखाली हलकेच उकरतो, आणि तरीही विद्युत्प्रवाह वाहिना, तरच बॅटरी वा मदरबोर्ड तपासतो. जवाहिऱ्यांच्या या नगरास भिंग-चिमटा अपरिचित नव्हेत. परंतु पूर्वीच्या कारागिरास दरबारचा तनखा होता, यास केवळ रोजच्या गिऱ्हाइकाचा भरवसा.