डागणीपासून गार शिक्क्यापर्यंत : "ही गाय तुझीच कशावरून?"



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका एचएफ गायीचा कान काटेरी तारेत अडकून फाटला आणि कानातला पिवळा बिल्ला गेला. कामाच्या गडबडीत नवा मारून घ्यायचा राहिला. दीड महिन्यानं गाय गोचीड तापानं गेली. विम्याचा हप्ता भरलेला होता, पावती घरात होती. पण बिल्ला नाही म्हणून दावा नामंजूर. साहेब एवढंच म्हणाले, "हीच ती गाय कशावरून?" चार वर्षं जिची धार काढली, तिच्याबद्दलच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. जमेल तसं वाचलं, विचारलं. त्यातलं कामाचं इथं लिहितो.

हा प्रश्न फार जुना आहे. इजिप्तच्या जुन्या थडग्यांमधल्या चित्रांत बैलांना डागताना दाखवलंय. आपल्याकडं पाणिनीच्या व्याकरणात गुरांच्या कानांवरच्या खुणांची नावं येतात, त्यात स्वस्तिकसुद्धा आहे. महाभारतात दुर्योधन द्वैतवनात गेला तो गाई मोजायच्या आणि वासरांवर खुणा करायच्या निमित्तानं. देवाला सोडलेल्या वळूच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागायची रीतही आपल्याला माहीत आहे.

पण मला सगळ्यात पटलं ते कौटिल्याचं. अर्थशास्त्रात गोध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितलाय. वासरू महिना-दोन महिन्यांचं झालं की त्याला खूण करायची, आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. डागलेली खूण, अंगावरची जन्मखूण, रंग आणि शिंगांची ठेवण, हे सगळं वहीत उतरवायचं. म्हणजे खूण अंगावर आणि नोंद वहीत, दोन्ही पाहिजे.

डागणीचा सगळ्यात मोठा पसारा झाला तो अमेरिकेत. स्पॅनिश लोकांनी गुरं नेली, त्यांच्याबरोबर डागायची रीतही गेली. टेक्सासकडं हजारो एकर मोकळं रान, कुंपण नाही, दहा मालकांची गुरं एकात एक. तिथं डाग हाच सातबारा. सॅम्युअल मॅव्हरिक नावाचे एक वकील होते, ते आपली गुरं डागत नसत. पुढं बिनडागाच्या कुठल्याही जनावराला लोक 'मॅव्हरिक' म्हणायला लागले, आणि बिनडागाचं वासरू ज्याच्या हाती लागेल त्याचं व्हायला लागलं. १८७४ साली ग्लिडन या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. हळूहळू रानं बंदिस्त झाली, पण डाग काही गेला नाही.

तापल्या लोखंडाचे तोटे आपल्याला सांगायला नकोत. जनावर ओरडतं, जखम होते, माशा बसतात, कातडं खराब होतं. १९६६ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन इथं आर. कीथ फॅरेल या पशुवैद्यानं उलटा रस्ता काढला. जाळायचं नाही, गोठवायचं.

त्याची रीत अशी. पुठ्ठ्यावरचे केस बारीक कापायचे, जागा स्पिरिटनं पुसायची. तांब्याचा किंवा पितळेचा शिक्का द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. हा नायट्रोजन उणे १९६ अंशाचा असतो. शिक्का आत घातला की आधी जोरात उकळ्या येतात. त्या मंदावल्या की शिक्का तयार झाला. मग तो कातडीवर घट्ट दाबून धरायचा, काळ्या जनावराला साधारण अर्धा मिनिट. एवढ्या गारठ्यानं केसाला रंग देणाऱ्या पेशी मरतात, पण केसाचं मूळ जगतं. आधी तिथं खळगा दिसतो, मग सूज येते, खपली पडते. दोन-तीन महिन्यांनी त्या जागी पांढरे केस उगवतात. काळ्या अंगावर पांढरा आकडा लांबूनही वाचता येतो.

पांढऱ्या जनावराला मात्र जास्त वेळ धरावं लागतं. तिथं मूळच मारायचं असतं, म्हणजे आकड्याच्या जागी केसच उगवत नाहीत. आपल्या खिल्लारला केलं तर तसंच करावं लागेल. दुखत नाही असंही नाही. तापल्या लोखंडापेक्षा कमी दुखतं, एवढंच.

तिकडच्या छोट्या घरगुती रँचवर हे काम घरचीच माणसं करतात. डागणीच्या दिवशी शेजारी मदतीला येतात आणि घरात सगळ्यांचं जेवण शिजतं. म्हणजे आपल्या इर्जिकीसारखंच. गार शिक्क्याला वेळ जास्त लागतो, नायट्रोजनचा खर्च असतो, जनावर खोड्यात घट्ट धरावं लागतं. म्हणून कित्येक जण अजून तापलं लोखंडच वापरतात. सरकारनं पकडलेल्या रानघोड्यांच्या मानेवर मात्र गार शिक्काच मारतात.

आता गंमत बघा. हाच नायट्रोजन आपल्या गावात रोज येतो. कृत्रिम रेतनाला येणाऱ्या डॉक्टरांच्या मोटारसायकलवर जे कॅन असतं, त्यात हाच असतो. वीर्याच्या कांड्या त्यातच टिकतात. म्हणून कुणी घरी प्रयोग करू नका. हातावर पडला तर भाजल्यासारखी जखम होते, आणि बंद खोलीत श्वास कोंडतो. हे काम जाणत्या पशुवैद्याचंच.

आणि नुसत्या शिक्क्यानं माझा दावा मंजूर झाला असता का? विम्याच्या कागदात त्याची नोंद नसती तर नाहीच. आपल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर लसीकरणाला, रेतनाला जोडलेला असतो. ती ताकद शिक्क्यात नाही. पण बिल्ला तुटतो, शिक्का तुटत नाही. तिकडं बरेच जण दोन्ही ठेवतात ते याचसाठी.

मी आता कौटिल्याचं ऐकलंय. प्रत्येक जनावराचं वहीत एक पान. बिल्ल्याचा नंबर, रंग, कपाळावरचा ठिपका, शिंगं, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. बिल्ला पडला की त्याच दिवशी दवाखान्यात आणि विमावाल्याला कळवायचं, नवा मारून त्याचा नंबर विम्याच्या कागदात चढवून घ्यायचा.

आज संध्याकाळी धारेला बसाल तेव्हा प्रत्येकीच्या कानाकडं एकदा बघा. मी बघितलं नाही, ते मला एका गायीच्या किमतीला पडलं.